सीडीवरची 'वाया' जागा
७०० एमबीच्या डिस्कवर एमपी३ची शेदीडशे गाणी बसतात, मग ऑडिओ सीडीवर पंधरा-सोळाच का, हा प्रश्न रास्त आहे. पण ऑडिओ सीडीत फाइल नसतेच हो! आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (त्या-त्या क्षणाची मोजमापं), प्रत्येक १६ बिटांचा, तोही डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलसाठी वेगळा. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट, विनाकॉम्प्रेशन. पाच मिनिटांच्या गाण्याला ५० एमबी गेलेच समजा.

खरी उधळपट्टी वेगळीच आहे. दोन गाण्यांमधल्या शांततेलाही तेवढेच बाइट लागतात. जुनं मोनो (एकाच चॅनेलचं) रेकॉर्डिंग असेल तर तोच आवाज दोन्ही चॅनेलवर दोनदा लिहिला जातो. एका चॅनेलची सोय त्या फॉरमॅटात नाहीच.

गंमत म्हणजे एका बाबतीत ऑडिओ सीडी डेटा सीडीपेक्षा (फाइली ठेवायच्या सीडीपेक्षा) काटकसरी आहे. २३५२ बाइटांच्या सेक्टरमधले (डिस्कवरच्या एका ठरावीक तुकड्यातले) डेटासाठी २०४८च हाती लागतात, बाकीचे मुख्यतः जादा चूक-दुरुस्तीत जातात. गाण्यात एखादा नमुना हुकला तरी प्लेअर अंदाजाने भरून काढतो, म्हणून तिथे सगळे २३५२ ध्वनीला मिळतात. त्यामुळे ८० मिनिटांच्या त्याच डिस्कवर ऑडिओ सुमारे ८०७ एमबी मावतो.

आणि ४० मिनिटांच्या जुन्या एलपी तबकडीची सीडी उजेडात तिरकी धरून बघा. लेखन आतून बाहेर जातं, त्यामुळे बाहेरचा कोरा पट्टा वेगळाच चमकतो. माझ्याकडच्या एका सीडीवर तो इतका रुंद आहे की पैसे परत मागावेसे वाटतात.