बहिणीसाठी पुण्यात थेरपिस्ट शोधताना
ताई, बहिणीच्या हातावरचे, तिने स्वतःलाच केलेल्या जखमांचे वण पाहून पुण्यात कुणाकडे न्यावं असं तुम्ही विचारलंय, आणि त्यावर एकांनी 'लक्ष वेधायला करतात, दुर्लक्ष करा' असं लिहिलंय. कृपया तसं करू नका. मी चार वर्षं हे लपवलं, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून. लक्ष वेधायचं असतं तर लपवलं कशाला असतं?

पहिल्या समुपदेशकांनी मला आईची शपथ घ्यायला लावली. मी परत गेलोच नाही. म्हणून आधी फोनवरच विचारा: स्वतःला इजा करणाऱ्यांबरोबर काम केलंय का? डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) ही उपचारपद्धत येते का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी ही पद्धत मुळात सतत आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी घडवली. भावनेची लाट आली की ती इजा न करता कशी निभावायची, हे त्यात शिकवतात. मला त्यानेच फरक पडला, पण वर्ष लागलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारायला संकोचू नका.

खाजगी फी झेपत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. तोवर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६: मोफत, २४ तास, मराठीतही बोलता येतं. जीव द्यावासा वाटतो असं ती म्हणाली किंवा जखम खोल असली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. तिला एकटं न सोडता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.

आणि रोज तिचे हात तपासू नका हो. 'मी बरोबर येऊ का?' एवढं विचारा. माझी आत्या पहिल्या दिवशी तासभर बाहेर बाकावर बसून होती.