एकच शेगडी, तीन लिटरचा कुकर: रोजचं साधं जेवण शिकायला सुरुवात कुठून करू?

शेगडी_एक

जुळे सोलापुरात खोली घेतली आहे. सामान असं: एका बर्नरची शेगडी, तीन लिटरचा कुकर (आत बसणारी दोन भांडी आहेत), कढई, लोखंडी तवा, परात. फ्रीज नाही. सकाळी आठला बाहेर पडायचं, संध्याकाळी साडेसातला परत. स्वयंपाकातलं ओ की ठो येत नाही. मेसचं तेल-तिखट रोज झेपत नाही, म्हणून पोटाला हलकं आणि रोज जमेल असं शिकायचंय.

अडचणी सांगतो. तूरडाळ पाच शिट्ट्या देऊनही दाण्याला दाणा राहते, वर पाणी वेगळं. भाकरीच्या कडा थापतानाच चिरतात आणि तव्यावर टाकताना मोडते. त्यापेक्षा चपातीच शिकू का? आणि वरण, भात, भाजी हे सगळं एका शेगडीवर तासाभरात कसं बसवायचं? व्हिडिओत सगळे ‘अंदाजाने’ आणि ‘चवीनुसार’ म्हणतात. अंदाज असता तर विचारलं नसतं, तेव्हा कृपया माप सांगा.

काठवट

पहिला आठवडा भाकरी बाजूला ठेवा. सोलापुरात भाकरी विकत मिळते, ताजी हवी तर ताजी, कडक हवी तर कडक. वरण-भाजीचं तसं नाही, विकतच्यात तेल-तिखट येणारच. म्हणून हात आधी डाळीवर बसवा.

डाळ न शिजण्यामागे बहुतेक वेळा तीनांपैकी एक कारण असतं: पाणी जड, डाळ जुनी, किंवा टोमॅटो-चिंच आधीच घातलेली. तुमच्या बाबतीत मला पाण्याचा संशय आहे. आपल्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे बऱ्याच इमारतींत वापरायला बोअरचं पाणी असतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन त्यामुळे आणखी घट्ट होतं आणि दाणा फुटतच नाही. एक दिवस पिण्याचं पाणी वापरून बघा, बाकी सगळं तेच ठेवा. डाळ शिजली तर दोष पाण्याचा. तरी नाहीच शिजली तर दुकान बदला, डाळ जुनी आहे. आंबटानेही पेक्टिन विरघळत नाही, म्हणून टोमॅटो, चिंच, आमसूल नेहमी डाळ शिजल्यावर. कोणी खायचा सोडा घालायला सांगेल. डाळ मऊ होईल खरी, पण बी-१ जीवनसत्त्व जातं आणि चवही साबणासारखी लागते.

माप: आमटीची लहान वाटी, १५० मिलिलिटरची. (स्टीलची एकच वाटी ठरवा आणि महिनाभर तीच वापरा, मग सगळी मापं आपोआप जुळतात.) अर्धी वाटी तूरडाळ, म्हणजे साधारण ६५ ग्रॅम, दोन-तीनदा धुऊन अर्धा तास भिजवा. भिजवलेलं पाणी टाकून दीड वाटी नवं पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, चार थेंब तेल. तेलाने फेस कमी येतो. दुसऱ्या भांड्यात अर्धी वाटी तांदूळ धुऊन एक वाटी पाणी. कुकरच्या तळाला पेलाभर पाणी, त्यात जाळी, खाली डाळ, वर भात. एका शेगडीचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. कुकर गार होईपर्यंत पंधरा मिनिटं शेगडी मोकळी असते, तेवढ्यात कढईत भाजी होते.

डाळ बाहेर काढली की आधी पळीने घोटायची, मग पाणी. उलट केलंत तर गुठळ्या राहतात. पाणी घालायचं ते गरमच. मीठ अर्धा चहाचा चमचा, सुपारीएवढा गूळ वाटलं तर. एक उकळी पुरे. याला फोडणी लागत नाही. वरून लिंबू पिळलं की झालं.

घड्याळवाला

वरच्या उत्तरात शिट्ट्यांचा आकडा दिला नाही हे उत्तम केलं. शिट्ट्या मोजून स्वयंपाक शिकणाऱ्याचं कधीच जमत नाही. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या चार मिनिटांत उडतात, बारीक आचेवर त्यालाच पंधरा-वीस मिनिटं लागतात. दोन्हीकडे ‘पाच शिट्ट्या’च. तुमची डाळ कच्ची राहण्यात याचाही हात असेल.

पहिली शिट्टी होईपर्यंत आच मोठी. मग गॅस बारीक करा आणि घड्याळ लावा: भिजवलेल्या तूरडाळीला १२ मिनिटं, मूगडाळीला ६. मधे शिट्टी झाली न झाली, लक्ष देऊ नका. आत पूर्ण दाब आला की तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं आणि तिथेच राहतं. आच वाढवून फक्त वाफ बाहेर जाते, गॅस जळतो आणि तळाचं पाणी आटतं.

कुकर नवीन असेल तर एवढं पाळा. डाळ थेट कुकरात लावाल तेव्हा पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरू नका. फेस शिट्टीच्या नळीत अडकला की दाब बाहेर पडत नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. दर वेळी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय का बघायचं. कडेने वाफ जात असेल, शिट्टीच होत नसेल, तर गॅस्केट (झाकणातली रबरी कडी) सैल झालंय. ते गार पाण्यात दहा मिनिटं ठेवून लावून बघा, नाहीतर बदला, फार महाग नसतं. शिट्टी चमच्याने उचलून वाफ सोडायची घाई करू नका, गरम डाळ छतापर्यंत जाते.

मंडईची_पिशवी

भाजीचं मी सांगते. फ्रीज नसताना लक्ष्मी मंडईतून आठवड्याची भाजी एकदम आणायची नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर, पालेभाजी संध्याकाळपर्यंत मान टाकते. पालेभाजी त्या दिवसापुरतीच घ्या. दोडका, दुधी, कोबी, गवार दोन दिवस टिकतात, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून हवेशीर टोपलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलीत तर घाम सुटून सडतात.

सगळ्या सुक्या भाज्यांची फोडणी एकच, ती एकदा शिका. पाव किलो भाजीला दोन चहाचे चमचे तेल. तेल तापलं की मोहरीचा एक दाणा टाकून बघा. तडतडला नाही तर थांबा. कच्च्या तेलात घातलेली मोहरी शेवटपर्यंत दाताखाली कडू लागते. मग अर्धा चमचा मोहरी, ती तडतडायची थांबत आली की अर्धा चमचा जिरे, मग दोन पाकळ्या ठेचलेला लसूण, तो कडेने सोनेरी झाला की आच बारीक, हिंग, पाव चमचा हळद आणि लगेच भाजी. लाल तिखट घालायचं तर भाजी पडल्यावर. गरम तेलात ते तीन-चार सेकंदांत करपतं, मग खोकला आणि कडूपणा, दोन्ही.

दोडका-दुधीला वरून पाणी ओतू नका. कढईवर खोलगट ताट झाका आणि त्या ताटात अर्धी वाटी पाणी घाला. आतली वाफ ताटाला लागून परत भाजीत पडते, भाजी आपल्याच पाण्यात आठ-दहा मिनिटांत शिजते. अगदीच खाली लागत असेल तर ताटातलं तेच गरम पाणी दोन चमचे आत. गार पाणी ओतलं की शिजणं मधेच थांबतं आणि गवार चामट होते.

मेथी-पालक निवडून आधी धुवा, मग चिरा. उलट केलंत तर जीवनसत्त्वं मोरीत. एका जुडीला दोन चमचे भिजवलेली मूगडाळ घाला, भाजी मिळून येते आणि पोटही भरतं. मीठ सगळ्यात शेवटी: कढईभर दिसणारी मेथी शिजून मूठभर होते, आधी ढीग बघून मीठ घातलं तर खारट होणारच.

तेल बाटलीतून धार धरून कधीही नाही. चहाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, साधारण ४० कॅलरी. तुम्ही मेसवर वैतागलाय ते या धारेमुळेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांत अर्धं ताट भाज्या-फळांचं आणि दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत असं सांगितलंय. पाच ग्रॅम म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, त्यात चटणी, लोणचं, फरसाण सगळं धरून. शेंगाचटणीवर हात मारण्याआधी एवढं लक्षात असू द्या. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं आहेत, पण कॅलरीही साडेपाचशेच्या वर. जेवणाला एक सपाट चमचा पुरे. (सोलापुरात राहून हे पाळणं अवघड आहे, मान्य.)

शाळू

काठवट यांच्याशी भाकरीबाबत सहमत नाही. भाकरी आठवडाभर लांबवली की ती कायमची लांबते. आणि चपाती सोपी हा गैरसमज आहे. गव्हात ग्लूटेन असतं म्हणून कणीक ताणली जाते, पण गोल आणि सारखी लाटायला महिना लागतो. ज्वारीत ग्लूटेन नाही. तिथे चिकटपणा पाण्याच्या उष्णतेने आणायचा असतो, एवढं कळलं की बाकी हाताची सवय.

पीठ आधी तपासा. दळून बरेच दिवस झाले की पिठाची विरी (चिकटपणा) जाते, मग कोणीही थापली तरी कडा चिरणारच. पाकिटातलं पीठ घेऊ नका, ते कधीचं आहे कळत नाही. बाजारात शाळू (रब्बी ज्वारी) मागा, त्यातलं मालदांडी वाण मिळालं तर तेच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि ती आपल्या दारात मिळते, त्याचा फायदा घ्या. एकदा किलोभरच बारीक दळून आणा, आठ-दहा दिवसांत संपवा.

एका भाकरीला एक वाटी पीठ, साधारण ८० ग्रॅम. परातीत पिठाला आळं करून त्यात अर्धी वाटी पाणी ओता, पाणी खळखळ उकळतं हवं, नुसतं कोमट नाही. उलथन्याने कालवा, दोन मिनिटं झाका. मग तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने रेटून तीन-चार मिनिटं मळा, गरज पडेल तसं चमचा-चमचा कोमट पाणी. गोळा दाबल्यावर कड फाटली तर अजून पाणी आणि अजून मळणं, हाताला चिकटला तर पाणी जास्त झालंय. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा. मळून ठेवलेला गोळा सुकतो.

परातीत पीठ भुरभुरून, एका हाताने थापत दुसऱ्या हाताने कड सावरत फिरवा. सुरुवातीला तळव्याएवढी, जाडसरच करा. पातळ आणि मोठीचा हट्ट नको. तवा चांगला तापलेला हवा, पाण्याचा शिंतोडा पडताच चर्र होऊन उडाला पाहिजे. भाकरी टाकताना परातीकडची, पिठाची बाजू वर येऊ द्या. लगेच त्या बाजूवर बोटांनी पाणी फिरवा. पाणी सुकत आलं, अजून किंचित ओल आहे, तेवढ्यात उलटा. सगळं सुकू दिलंत तर वरचा थर तडकतो आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू दीड-दोन मिनिटं, डाग पडेपर्यंत. मग तवा उतरवून पहिली बाजू थेट आचेवर, फुगली की काढा.

मोडत असेल तर सुरुवातीला परातीऐवजी ओल्या सुती फडक्यावर थापा आणि फडक्यासकट तव्यावर उलटी करा.

शेगडी_एक

सगळ्यांचे आभार. पाणी बोअरचंच आहे, उद्या बदलून बघतो. आणखी दोन गोष्टी विचारतो. मटकी भिजवली की दुसऱ्या दिवशी तार सुटते आणि आंबूस वास येतो. आणि सकाळी केलेला भात डब्यात दुपारी दोनपर्यंत चालेल का?

मंडईची_पिशवी

मटकी रात्री दहाला भिजवून सकाळी सहाला उपसा, आठ तास पुरे. पाणी पूर्ण निथळू द्या, दोनदा धुवा, मग सुती फडक्यात सैल बांधून टांगा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, त्याच रात्री उसळ करायची. तार सुटते ती पाणी राहिल्यामुळे किंवा घट्ट डब्यात कोंडल्यामुळे. वास आलेली मटकी धुऊन वापरू नका, टाकून द्या. अर्धी वाटी कोरड्या मटकीची मोड येऊन वाटी-सव्वा वाटी होते. फोडणी वरचीच, त्यात एक कांदा आणि एक चमचा काळं तिखट. गरम पाणी अर्धी वाटी, झाकून बारा मिनिटं. कुकर नको, लगदा होतो.

घड्याळवाला

भात डब्यात नको, उन्हाळ्यात तर नाहीच. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात एक जंतू वाढतो. त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही आणि वासावरून कळत नाही. कोमट डब्याचं झाकण लावून कोंडणं तर सगळ्यात वाईट. डब्याला भाकरी, सुकी भाजी, कांदा आणि चमचाभर शेंगाचटणी न्या. वरण-भात रात्री, गरम.

काठवट

आणि ज्या रात्री डाळ भिजवायचीच राहिली त्या रात्री पिठलं. चार सपाट मोठे चमचे बेसन दीड वाटी गार पाण्यात आधी कालवून घ्या. गरम पाण्यात कालवलं तर गुठळ्या होणारच. फोडणीत कांदा, लसूण, हिरवी मिरची, त्यात हे ओतून सतत ढवळा, अर्धा चमचा मीठ, घट्ट झालं की झाकून बारीक आचेवर पाच मिनिटं. बेसनाचा कच्चा वास गेला की उतरवा. शाळू यांनी सांगितलेली भाकरी तोवर जमली नसेल तर विकतची कडक भाकरी चुरून त्यावर हे ओता.