लंडनच्या जुन्या गोदीत फिरताना पडलेला प्रश्न

धागाकर्ता:
गेल्या महिन्यात लंडनच्या कॅनरी वॉर्फ भागात दोन दिवस पायी हिंडलो. १८०२ साली सुरू झालेल्या वेस्ट इंडिया गोदीच्या पाण्याभोवती आज बँकांचे मनोरे उभे आहेत आणि काठावर उरलेल्या विटांच्या एका गोदामात २००३ पासून संग्रहालय आहे. इथे उतरणारी साखर कॅरिबियन बेटांवरील गुलामांच्या श्रमातून येत होती, हे तिथे आडपडदा न ठेवता सांगितले आहे. गोदीच्या संस्थापकांपैकी रॉबर्ट मिलिगन यांचा दारासमोरील पुतळाही २०२० साली हटवण्यात आला. याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण बाहेर आल्यावर, ज्या फाटकांशी रोज सकाळी हजारो मजूर काही तासांचे काम मिळावे म्हणून गर्दी करत आणि ज्यांनी १८८९ साली तासाला सहा पेन्स मजुरीसाठी संप करून तो जिंकला, त्यांची चाहूल मला कुठेही लागली नाही. विटा जपल्या गेल्या, गोदी कामगार मात्र पुसला गेला, असे माझे मत झाले आहे.

प्रतिसाद १:
मी असहमत आहे. कंटेनरची मोठी जहाजे आल्यावर या गोद्या अपुऱ्या पडल्या, माल नदीच्या मुखाकडे टिलबरीला जाऊ लागला आणि १९८० साली वेस्ट इंडिया गोदी बंद झाली. या गोद्यांच्या भागाचा पुनर्विकास करणारे सरकारी महामंडळ १९८१ साली स्थापन झाले, म्हणजे कामगारांचे काम त्याआधीच गेले होते. शिवाय ही गोदी लोकांची कधी होती? नदीतल्या जहाजांवरून मालाची चोरी होते म्हणून व्यापाऱ्यांनी ती उंच भिंतींच्या आत बांधली. आज त्याच पाण्याकाठी बसून मी कोणालाही न विचारता डबा खाल्ला. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर भाऊच्या धक्क्यासारख्या मोजक्या जागा सोडल्या, तर समुद्र अजून बंदराच्या भिंतीआडच आहे. तिथे राहणाऱ्याला या फरकाचे मोल कळेल.

धागाकर्ता:
बंद पडण्याचे कारण आपण सांगता ते मान्य आहे. माझा आक्षेप त्यानंतरच्या निर्णयांवर आहे. नियोजनाचे अधिकार निवडून आलेल्या स्थानिक परिषदांकडून काढून महामंडळाला दिले गेले, १९८२ पासून आइल ऑफ डॉग्जवर, म्हणजे ही गोदी आहे त्याच भागात, कंपन्यांना करसवलती मिळाल्या, आणि ज्याच्या हाताला पोती उचलण्याची सवय होती त्याच्यासाठी त्या मनोऱ्यांत काम नव्हते. आपण ज्या काठावर बसलात ती जमीनही खासगी मालकीची आहे. भिंत गेली असली, तरी कोणी किती वेळ बसावे हे आजही मालकच ठरवतो.

प्रतिसाद २:
माझे आजोबा रत्नागिरीचे. आगबोटीच्या इंजिनखान्यात कोळसा ओढत ते लंडनला पोहोचत. लंडनच्या मजुराची आठवण आपण काढलीत, पण त्या बोटी चालवणाऱ्या आपल्याकडच्या खलाशांचा उल्लेख आपल्याही लेखात नाही. वेस्ट इंडिया डॉक रोडवर १८५७ साली आशियाई खलाशांसाठी निवारा उघडावा लागला, इतके ते तिथे येत आणि अडकून पडत. आजोबांना जाऊन तीस वर्षे झाली. त्या गोदामाच्या जागी आणखी एक मनोरा उभा राहिला असता, तर साखरेच्या पोत्यांशेजारी उभी राहून त्यांच्याविषयी विचार करायला मला लंडनमध्ये जागाच मिळाली नसती. म्हणून अपुरे का असेना, जे राखले त्याला मी ‘पुसले’ म्हणणार नाही. संग्रहालयातून निघताना मी तिथल्या कर्मचाऱ्यांना कोकणातल्या खलाशांबद्दल विचारले, आणि त्यांनी आजोबांच्या जहाजांची नावे लिहून घेतली.