आभाळात न दिसता उडायची सूट कुणालाही का असावी? (चर्चा)

उजळाईवाडीकर

परवा रात्री गगनबावड्याहून येताना कळ्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीत घुसता घुसता वाचलो. ट्रॉलीला रिफ्लेक्टर होता बरं का! पण मागं वाढ्याच्या पेंढ्या बांधलेल्या आणि त्या नेमक्या त्याच्यावर लोंबत होत्या. बायकोनं आधी बघितलं आणि ओरडली, म्हणून हे लिहायला उरलोय.

घरी आल्यावर डोक्यात वॉशिंग्टनच घोळत राहिलं. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री तिथल्या रेगन विमानतळावर उतरणारं प्रवासी विमान आणि लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर धडकलं. ६७ माणसं गेली. विमान एडीएस-बीवरून आपली जागा सांगत होतं, हेलिकॉप्टर सांगत नव्हतं. लष्करी उड्डाणांना तशी सूट होती. रिफ्लेक्टर आहे, पण वर पेंढी!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एडीएस-बीत विमान जीपीएसवरून स्वतःची जागा काढतं आणि उंची, वेग जोडून दर सेकंदाला रेडिओवर सांगत राहतं. हे सांगणं म्हणजे 'आउट'. दुसऱ्याचं ऐकून कॉकपिटात दाखवणं म्हणजे 'इन'. अमेरिकेत गर्दीच्या हवाई हद्दीत 'आउट' १ जानेवारी २०२० पासून सक्तीचं आहे, 'इन' नाही. डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या सिनेटनं 'रोटर' विधेयक एकमतानं मंजूर केलं. 'इन'ची सक्ती करायची आणि लष्कराची सूट आवळायची, असा त्याचा रोख.

आपल्याकडं १९३४ चा कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आलाय, १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. त्यात हे सरळ घाला. प्रवासी विमानांच्या वाटेत जो उडेल, मंत्र्याचा असो नाहीतर फौजेचा, त्यानं दिसलंच पाहिजे.

निवृत्त_सुभेदार

ट्रॉली आणि ब्लॅक हॉक एका काट्यावर घालू नका. एडीएस-बीच्या संदेशाला कुलूप नसतं. स्वस्तातला रिसीव्हर लावला की कुणालाही ऐकू येतं, म्हणून तर तुमच्या मोबाईलवर विमानं पळताना दिसतात. फौजेचं हेलिकॉप्टर कुठून उठलं, कुठं बसलं हे शत्रूनं चहा पीत बघायचं का?

आणि कायद्याचं नाव घेण्याआधी कायदा वाचावा. सैन्यदलांच्या विमानांना १९३४ चा कायदा लागू नव्हता, नवाही नाही. तुम्ही पत्र टाकलंय ते चुकीच्या पेटीत.

उजळाईवाडीकर

पेटी चुकली, मान्य. मग दुसऱ्या पेटीत टाकू, मजकूर तोच राहील. मी सीमेवरचं बोलतच नाहीये. पुण्याचं लोहगाव बघा, हवाई दलाचा तळ आणि आपली प्रवासी विमानं त्याच धावपट्टीवर.

लपण्याचा तोटा आपल्याच जवानांनाही होतो. २२ जुलै २०१६ ला हवाई दलाचं एएन-३२ चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाताना बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. २९ जण होते. समुद्राच्या तळाशी अवशेष सापडल्याचं जाहीर झालं जानेवारी २०२४ मध्ये. घरच्यांनी साडेसात वर्षं काय करायचं?

तांबडा_पांढरा

कायदा कायदा काय लावलाईसा. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावायचा नियम हाय की! दरवर्षी गळीत हंगाम सुरू झाला की फोटो काढून चिकटवत्यात बी. मग तुमच्या पुढं पेंढी कुणी बांधली?

सांगली_नाक्याचा_इंजिनिअर

तांबडा_पांढराशी सहमत, पण कारण वेगळं. वॉशिंग्टनच्या टॉवरला ते हेलिकॉप्टर रडारवर दिसत होतं. कंट्रोलरनं हेलिकॉप्टरला समोरच्या विमानाबद्दल सांगितलंही. 'दिसतंय, सांभाळून घेतो' असं उत्तर आलं, आणि पायलट बहुधा भलतंच विमान बघत होता. मुळात हेलिकॉप्टरची वाट धावपट्टीच्या उतरणीखालून गेलेली, मधलं अंतर नावापुरतं. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात तिथं विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायक अंतरावर आल्याच्या १५,२१४ नोंदी तपासात निघाल्या. माहिती सरकारदरबारीच पडून होती! पंधरा हजार वेळा दिसूनही ज्यांनी वाट बदलली नाही, ते आणखी एक यंत्र बसवून काय बदलणार?

उजळाईवाडीकर

इंजिनिअरसाहेब, हा मुद्दा खरा आहे आणि मला टोचलाय. पण चरखी दादरी आठवा. १२ नोव्हेंबर १९९६, सौदीचं जम्बो आणि कझाकस्तानचं इल्युशिन, ३४९ मृत्यू. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर ठिपका दिसायचा, उंची दिसायची नाही. पायलट सांगेल ती उंची खरी मानायची. त्यानंतरच आपल्याकडं विमानात टक्कर टाळायचं यंत्र, टीकॅस, सक्तीचं झालं. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल, यंत्रानं काय होतंय?

आता टीकॅसची गोम अशी की, जमिनीपासून साधारण हजार फुटांखाली ते 'वर जा, खाली जा' हा आदेश देत नाही. वॉशिंग्टनची टक्कर झाली ३०० फुटांच्या आसपास. तिथंच 'इन' उपयोगी पडतं. वाट बदलाच, पण वाट बदलेपर्यंत पायलटला आंधळं का ठेवायचं?

पंचगंगाकाठची

माझा मुलगा बेंगळुरूला असतो. तो विमानात बसला की मी मोबाईलवर ठिपका बघत बसते. गेल्या पावसाळ्यात कोल्हापूर जवळ आलं आणि ठिपका थांबला. हलेचना. मी देवघरात दिवा लावून आले तरी तिथंच. शेवटी फोन लागला तर म्हणतो, "आई, बॅग घेतोय."

नंतर त्यानंच सांगितलं, लहरी सरळ रेषेत जातात, विमान खाली आलं आणि जवळपास रिसीव्हर नसला की ॲपला ऐकूच येत नाही. विमान ठणठणीत असतं, आंधळं आपलं ॲप असतं. तेव्हा माझ्यासारख्या बायांना ठिपका दिसणं म्हणजे सुरक्षा नव्हे. तुम्ही दोघं भांडताय, पण दिसायचं कुणाला, हे कुणीच बोलत नाहीये.

निवृत्त_सुभेदार

ताई बरोबर बोलल्या. आणि जीपीएसवर एवढी भिस्त ठेवणाऱ्यांनी अमृतसर-जम्मूकडच्या पायलटांना विचारावं. खोटे सिग्नल सोडून विमानाला भलतीच जागा दाखवतात. सरकारनंच संसदेत मान्य केलंय. जागाच खोटी असेल तर तुमचा एडीएस-बी खोटंच ओरडणार, तेही दर सेकंदाला.

माझं म्हणणं एवढंच, टॉवरला दाखवा, जगाला नको. असं लिहा, मी खाली सही करतो.

उजळाईवाडीकर

टॉवरला दाखवायचं, इथवर आलात हे बरं झालं. पण सुभेदार, त्या रात्री टॉवरला दिसतच होतं, इंजिनिअरसाहेबांनी वर लिहिलंय. दिसलं नाही ते शेजारून उडणाऱ्या पायलटला. त्याला दाखवायचं की नाही? आणि त्याला दाखवायचं तर कुलूप लावलेल्या संदेशानं कसं दाखवणार? परक्या कंपनीच्या विमानाला किल्ली कोण देणार?

तांबडा_पांढरा

सुभेदार जेवायला गेले वाटतं.

निवृत्त_सुभेदार

गेलो नाही. विचार करतोय. उद्या लिहितो.