मदत हवी आहे: उडत्या पक्ष्यांसाठी २००-५०० लेन्स घ्यावी की १५०-६००?

नमस्कार. गेले तीन हिवाळे मी निकॉन डी७५०० आणि ७०-३०० एएफ-पी डीएक्स लेन्स (आकडे मिमीतल्या फोकल लांबीचे; आकडा मोठा, तितका पक्षी जवळ) घेऊन भिगवणला, उजनीच्या पाण्यात नावेतून पक्ष्यांचे फोटो काढायला, जात आहे. बसलेल्या पक्ष्यांचे फोटो बऱ्यापैकी जमू लागले आहेत. अडचण आहे ती उडणाऱ्यांची, आणि त्यांतही नदी सुरयांची (मासे टिपणारे पाणपक्षी). रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा मोठा असतो आणि एका दिशेने जातो, त्यामुळे ३०० मिमीलाही चौकटीत काहीतरी हाती लागते. सुरय मात्र हवेत क्षणभर थबकून थेट पाण्यात सूर मारतो आणि माझ्या फोटोत कोपऱ्यातला पांढरा ठिपका होऊन राहतो. फोटो कातरून तो मोठा करावा, तर पिसांचा तपशील उरत नाही.

निकॉनची २००-५०० एफ ५.६ (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तर उजेड कमी) आणि सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी या दोनच लेन्स आता विचारात आहेत. ३०० वरून ५०० ला गेल्यावर पक्षी चौकटीत सुमारे पावणेतीन पट जागा व्यापेल, पण ५०० वरून ६०० ला जाऊन मिळणारी वाढ दीडपटीहूनही थोडी कमीच आहे, त्यामुळे केवळ ६०० या आकड्याला मी भुललेलो नाही. सिग्मा ५०० मिमीलाच एफ ६.३ वर येते, म्हणजे निकॉनशी एक तृतीयांश स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). सकाळी सातच्या उजेडात १/२००० सेकंदाचा शटरवेग ठेवताना आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००० ऐवजी १२५० लागेल, एवढेच. तो फरक मला सोसण्यासारखा वाटतो.

खरा पेच वजनाचा आहे. निकॉन कॉलरसह (ट्रायपॉडला जोडायच्या कड्यासह) २.३ किलो भरते, सिग्मा साधारण १.९ किलो. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण नावेत ट्रायपॉड उघडण्याचा प्रश्नच नसतो, मोनोपॉड (एकपायी आधार) फळीवर टेकवला तर इंजिनाची थरथर थेट लेन्समध्ये येते, आणि कॅमेऱ्याचे ७२० ग्रॅम धरून हे सगळे तीन तास हातावर पेलायचे असते. माझे वय ५६ आहे आणि उजवा खांदा अधूनमधून कुरकुरतो. (नावाडी मात्र पक्षी दिसण्याआधीच नाव वळवतो, ते वेगळेच कसब आहे.)

दुसरी शंका झूमच्या कड्याविषयी आहे. मित्राची २००-५०० दहा मिनिटे हाताळली, तेव्हा २०० वरून ५०० पर्यंत जायला मनगट दोनदा फिरवावे लागले. सुरय आधी २०० ला शोधून मग ५०० ला जवळ घेण्याची माझी पद्धत त्यामुळे कोलमडेल असे वाटते. सिग्माची नळी हाताने थेट पुढे ढकलता येते असे ऐकतो. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांपैकी कोणी तसे नियमित करते का?

दुकानदाराने ७०-२०० एफ २.८ ला दुप्पट कन्व्हर्टर (फोकल लांबी दुप्पट करणारे जोडभिंग) लावण्याचा सल्ला दिला, पण तो ४०० मिमी एफ ५.६ वरच थांबतो आणि फोकसचा वेगही घटतो, म्हणून मी तो बाजूला ठेवला आहे. मिररलेसकडे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) जाण्याचे सल्लेही कृपया या वेळी नकोत. कॅमेऱ्याची बॉडी बदलण्याइतके पैसे नाहीत.

जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात. नावेतून हातात धरून या लेन्स वापरणाऱ्यांचा हात किती वेळ टिकतो? १/२००० ला व्हीआर (लेन्समधली थरथर सावरणारी सोय) चालू ठेवता की बंद? माझ्या समजुतीप्रमाणे एवढ्या वेगाला फोटोसाठी त्याची फारशी गरज नसते, पण डोलत्या नावेत व्ह्यूफाइंडरमधले चित्र स्थिर राहिले तर पक्षी धरणे सोपे जाईल, आणि निकॉनच्या व्हीआरचा स्पोर्ट मोड त्यासाठीच असावा. तिसरे म्हणजे, पुण्यातच एक वापरलेली २००-५०० मिळते आहे आणि मालक रविवारपर्यंत थांबायला तयार आहेत. टॉर्च मारून आतली बुरशी पाहणे आणि झूमच्या दोन्ही टोकांना फोकस तपासणे मला ठाऊक आहे. त्याखेरीज या लेन्समध्ये नेमके काय पाहून घ्यावे?