किल्ल्याला ‘भव्य’शिवाय दुसरं काय म्हणावं?

लष्करवाली: आमच्या मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेसाठी ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पानभर लेख लिहिते आहे. ‘भव्य’, ‘विशाल’, ‘ऐतिहासिक’, ‘अभेद्य’ सगळं लिहून झालं, तरी डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. वाचणारे सगळे इथलेच, उठल्यासुटल्या किल्ला बघणारे. जरा जिवंत विशेषणं सुचवाल का?

मोडीवाचक: ताई, ‘भव्य’ हे लग्नाच्या मांडवालाही लागतं आणि साड्यांच्या सेललाही. त्याने किल्ला दिसणार कसा? किल्ल्याची जुनी विशेषणं बहुतेक वेढा घालणाऱ्याच्या अडचणीतून आलेली आहेत. ती अडचण धरून शब्द निवडा.

माझा लाडका शब्द ‘बेलाग’. लाग म्हणजे पोच, पकड. ज्याला कुठूनच लाग नाही, तो बेलाग. शेजारच्या डोंगरावरून तोफेचा मारा करता येत असेल तर किल्ला कितीही उंच असो, त्याला बेलाग म्हणू नये. पुरंदर घ्या. १६६५ मध्ये मुघल सरदार दिलेरखानाने आधी लगतचा वज्रगड घेतला आणि मग पुरंदर अडचणीत आला. म्हणजे पुरंदर बळकट, बिकट, झुंजार, जे हवं ते म्हणा, पण बेलाग नाही. आपल्या गोपाचलाला, म्हणजे ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या डोंगराला, मात्र हा शब्द शोभतो. आसपास टेकड्या आहेत, पण किल्ल्याचा डोंगर कुणाला चिकटलेला नाही, एकटाच उठलाय. फक्त एक सांभाळा. आपल्याकडे हिंदीच्या सवयीने ‘बेलाग’ म्हटलं की स्पष्टवक्ता माणूस आठवतो. म्हणून पहिल्यांदा ‘बेलाग कडा’ असं लिहा, म्हणजे अर्थ वाट चुकणार नाही.

आणि विशेषणावर सगळा भार टाकू नका. सभासदाच्या बखरीत रायगडाला ‘चखोट’ म्हटलंय, म्हणजे उत्तम, नामी. पण बखरकार तेवढ्यावर थांबत नाही. कडे तासल्यासारखे आहेत, पावसाळ्यातही त्यांवर गवत उगवत नाही, असं सांगतो. ‘चखोट’ हा नुसता शेरा. उंची दाखवली ती न उगवलेल्या गवताने.

तुटका_कडा: ‘अभेद्य’ काढाच. १७८० च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या कॅप्टन पॉपमची माणसं रात्री शिड्या लावून वर चढली आणि शिंद्यांच्या हातून किल्ला गेला.

मोडीवाचक: शिड्या लावल्या, तट कुठे फोडला? ‘अभेद्य’मध्ये फोडण्याची गोष्ट आहे, चढण्याची नाही. त्या रात्री खोटा ठरला तो ‘अलंघ्य’. ‘दुर्लंघ्य’ तरीही चालेल, कारण ‘दुर्’ म्हणजे अवघड, अशक्य नव्हे. ‘दुर्गम दुर्ग’ मात्र कृपा करून लिहू नका, एकच गोष्ट दोनदा होते.

‘अजिंक्य’ जंजिऱ्याला द्या, तो मराठ्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. आपला किल्ला दिल्लीच्या सुलतान अल्तमशाने १२३२ मध्ये घेतला, नंतर लोदी, मुघल, इंग्रज सगळे येऊन गेले. नावातच अजिंक्य असलेला साताऱ्याचा गडही १७०० मध्ये औरंगजेबाने घेतला होता, म्हणा.

नीळ: सगळे लढाईतच अडकलात. रंगाचं काय? सह्याद्रीतल्या किल्ल्यांची वर्णनं वाचून आपण ‘काळाकभिन्न’, ‘राकट’ उचलतो. ती बेसॉल्टची, म्हणजे तिथल्या काळ्या दगडाची, विशेषणं झाली. इथला दगड वालुकाश्म, पिवळसर-तांबूस. संध्याकाळी तो गेरूसारखा दिसतो, दुपारी फिका पडतो. राजा मानसिंह तोमरांच्या मानमंदिर महालावर तर निळ्या, हिरव्या, पिवळ्या फरशांची नक्षी आहे, त्यात हत्ती, केळीची झाडं आणि बदकांची रांग. ज्या तटावर बदकं चालली आहेत त्याला ‘रौद्र’ कसं म्हणणार? तिथे ‘निळाईने नटलेला’, ‘हौशी’, फार तर ‘दिमाखदार’. आणि त्याच महालाखाली मुघलांनी कैदी डांबले. औरंगजेबाचा भाऊ मुराद याच किल्ल्यात कैद होता आणि १६६१ मध्ये इथेच त्याला मारलं. खाली उतरलात की ‘कोंदट’, ‘अंधारी’ हेच शब्द खरे. वरच्या मजल्याचं विशेषण तळघराला लावू नका.

लष्करवाली: आणि ‘बुलंद’?

नीळ: चांगला शब्द, पण दरवाजा, बुरूज अशा एकेका उभ्या गोष्टीला. आपला किल्ला जवळपास तीन किलोमीटर लांब आणि उंची सुमारे ३०० फूट. लांबून तो उंच वाटण्याआधी लांबचलांब पसरलेला दिसतो. ‘बुलंद’ किल्ल्याच्या हाथी पोळ दरवाजासाठी राखून ठेवा.

तुटका_कडा: ‘विशालकाय’ही नको. पाटीवरच्या हिंदीतून येतो तो.

लष्करवाली: हे बघा: ‘मैदानातून एकाएकी उठलेला, तासलेल्या कड्यांचा, तांबूस, लांबचलांब, बेलाग किल्ला.’

मोडीवाचक: पाच विशेषणं एकट्या किल्ल्याच्या डोक्यावर नकोत, ताई. वाटून द्या. ‘तांबूस’ दगडाला, ‘तासलेला’ आणि ‘बेलाग’ कड्याला. ‘लांबचलांब’चं क्रियापद करा: किल्ला शहरावर आडवा पसरलाय. ‘एकाएकी उठलेला’ तसाच ठेवा, तो ऐकायला छान आहे. मानमंदिर पुढच्या परिच्छेदात घ्या, नाहीतर दगडाचा तांबूस आणि फरशांचा निळा एकाच वाक्यात भांडतील.