१९७८ सालचे स्वयंपाकघर : भिंत पाडावी की मोरी हलवावी?

प्रश्न : एक गृहिणी, जळगाव

नमस्कार. आमचे घर १९७८ साली बांधलेले असून त्यातल्या स्वयंपाकघराला रंगापलीकडे आजवर कोणाचा हात लागलेला नाही. खोली १४ फूट लांब आणि ९ फूट रुंद आहे. पूर्वेच्या खिडकीखाली कडाप्प्याचा ओटा आहे आणि मोरी अगदी दुसऱ्या टोकाला, मागच्या दाराशी आहे. फ्रिज घरात पुष्कळ उशिरा आला, त्यामुळे तो मधल्या खोलीत बसला तो बसलाच. परवा टेप लावून मोजले, तेव्हा शेगडीपासून मोरी १२ फूट, मोरीपासून फ्रिज ११ फूट आणि दाराचा वळसा धरून फ्रिजपासून शेगडी १६ फूट भरली. सासूबाईंना गुडघ्यांमुळे मोरीत बसून भांडी विसळणे आता जमत नाही आणि मलाही एका भाजीसाठी चार खेपा घालाव्या लागतात.

एका सजावटकाराने आम्हाला नकाशा करून दिला आहे. त्यात मधली भिंत पाडून दोन्ही खोल्या एक केल्या आहेत, मोरी काढून टाकली आहे आणि छतापर्यंत चकचकीत कपाटे दाखवली आहेत. मात्र गव्हाच्या आणि दादर ज्वारीच्या कोठ्या कुठे ठेवायच्या, पाणी रोज येत नसताना पिंपे कुठे भरायची, याचा त्यात पत्ता नाही. भिंत ९ इंची विटांची आहे. ती पाडावी का, आणि मोरीशिवाय खरोखर भागते का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर : निवृत्त स्थापत्य अभियंता, धुळे

ताई, आपण टेप लावलीत, हे फार चांगले केलेत. बहुतेक लोक आधी कपाटांचा रंग ठरवतात. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्यातल्या तिन्ही अंतरांची बेरीज साधारण १३ ते २६ फुटांत बसावी आणि त्यांतले कोणतेही एक अंतर ४ फुटांहून कमी किंवा ९ फुटांहून जास्त नसावे, असा स्वयंपाकघराच्या रचनेतला जुना ठोकताळा आहे. आपली बेरीज ३९ फूट होते. पायांना थकवणारी गोष्ट ही आहे, भिंत नव्हे.

भिंतीबद्दल स्पष्ट सांगतो. त्या काळच्या घरांमध्ये ९ इंची भिंत बहुधा भारवाहक असते, म्हणजे स्लॅबचे वजन तिच्यावरच उतरलेले असते. ती पूर्ण काढायची झाल्यास स्लॅबला खालून टेकू देऊन तुळई टाकावी लागते आणि त्या तुळईचे वजन दोन्ही टोकांना नीट पायापर्यंत पोहोचवावे लागते. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून जुन्या पायावर एका जागी नवा भार आणताना मी स्वतः दहा वेळा विचार करीन. दोन खोल्यांत देवाणघेवाण हवी असेल, तर भिंतीच्या मध्यभागी, कोपऱ्यापासून दूर, तीन फूट रुंदीची खिडकीवजा पोकळी काढा आणि तिच्यावर दोन्ही बाजूंना किमान सहा इंच टेकणारा लिंटेल, म्हणजे वरच्या विटांचे वजन पेलणारी आडवी पट्टी, टाका. एवढ्यासाठीही स्थापत्य अभियंत्याने घर प्रत्यक्ष पाहिलेले असावे. गवंड्याच्या अंदाजावर राहू नका.

आता मोरीचे पाहू. मोरी जिथे आहे तिथेच राहू द्या आणि उभ्याने वापरायचे सिंक वेगळे घ्या. ओटा पूर्वेकडून वळवून उत्तरेच्या लांब भिंतीने पुढे न्यावा, शेगडीपासून पाच फुटांवर सिंक बसवावे आणि त्यापुढे आणखी पाच फुटांवर फ्रिज आणावा. शेगडी ते फ्रिज अंतर आठ फूट धरले, तर बेरीज १८ वर येते. सिंकचे पाणी मोरीच्या जाळीपर्यंत नेण्यासाठी नऊ फूट पाइप लागेल. चाळीस फुटांना एक फूट उतार धरला, तर त्या पाइपला पावणेतीन इंचांचा उतार पुरतो. हा पाइप भिंतीलगत ओट्याखालून जमिनीच्या वरूनच जातो, त्यामुळे फरशी फोडावी लागत नाही.

ओट्याची उंची सरसकट ठेवू नये. उभे राहून हात कोपरात वाकवावा आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा यावा. शेगडीची स्वतःची उंची असल्यामुळे तिच्याखालचा भाग आणखी खाली घ्यावा. भाकरी थापण्याची जागाही खालीच हवी, कारण तिथे खांद्याचा जोर लावावा लागतो.

उत्तर : एक गृहिणी, भुसावळ

काकांशी मी पूर्ण सहमत आहे, आणि माझे म्हणणे तर पोळलेल्या हाताचे आहे. आम्ही सहा वर्षांपूर्वी भिंत पाडून स्वयंपाकघर मोकळे केले. पाहुणे वाखाणतात, परंतु हिरव्या मिरचीचा ठेचा परतायला घेतला की बैठकीत बसलेले सगळे खोकत बाहेर पडतात. शेवभाजीचा मसाला भाजला की सोफ्याच्या कापडाला दोन दिवस वास राहतो. त्याहून मोठा त्रास उन्हाळ्यातला आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कूलर बंद ठेवता येत नाही आणि चालू ठेवला की त्याचा झोत थेट शेगडीवर येऊन ज्योत विझवतो. भिंत असती, तर कूलर तिकडे आणि शेगडी इकडे, असे निभावले असते.

चिमणी घेतलीत, तर धूर पाइपने बाहेर टाकणारी घ्या आणि पाइपला वळणे कमीत कमी ठेवा. भरिताची वांगी मात्र मी आता मागच्या अंगणात काड्यांवरच भाजते. तशी चव गॅसवर येत नाही, हा भाग निराळा.

उत्तर : फर्निचरचे काम करणारा, अमळनेर

दोनच गोष्टी सांगतो. सिंकखालच्या कप्प्यात प्लायवूड वापरू नका. तिथे कडाप्प्याचे उभे तुकडे लावून पुढे ॲल्युमिनियमची दारे बसवा. इतरत्र प्लाय घ्यायचा असेल, तर त्यावर ७१० क्रमांकाचा आयएस शिक्का, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या भारतीय मानकाचा, पाहून घ्या आणि वाळवीचा बंदोबस्त काम सुरू होण्याआधी करा. ओट्याला वरून ग्रॅनाइट बसवा, कारण कडाप्पा हा चुनखडीचा दगड असल्याने लिंबू, चिंच आणि कैरीच्या आंबटाने खरवडल्यासारखा होतो.

सिलिंडर बंद कपाटात ठेवायचा असल्यास त्या दाराला तळाशी झरोके हवेतच. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर खाली साचतो. पुष्कळ गिऱ्हाइके दिसायला बरे नाही म्हणून हे झरोके बंद करून मागतात. मी नकार देतो.

पुन्हा प्रश्नकर्ती, जळगाव

आपणा सर्वांची आभारी आहे. काल सासूबाईंना ओट्यापाशी उभे करून कोपराचे माप घेतले, तर त्यांचे आणि माझे माप तीन इंचांनी वेगळे आले. म्हणून भाकरीची जागा त्यांच्या मापाने आणि सिंक माझ्या मापाने करायचे ठरवले आहे. भिंतीत फक्त पोकळी निघेल, तीही अभियंत्यांनी घर पाहिल्यानंतर. मोरी राहील आणि पिंपे तिथेच भरली जातील. कोठ्या दक्षिणेच्या भिंतीला जातील. त्या आणि नवा ओटा यांच्यामध्ये साडेचार फूट वाट उरते, म्हणजे आम्ही दोघी पाठीला पाठ लावून काम करू शकू. सजावटकाराला निरोप दिला आहे. पुरणाच्या मांड्यांचे खापर कुठे ठेवायचे, असे सासूबाईंनी विचारले, तेव्हा त्यासाठी मागच्या ओसरीत विटांची चूल मांडायचे कबूल करून मी मोकळी झाले.